गर्द, गुन्हा आणि बातमी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी आमचा एक छोटा गट जमतो. ज्यांच्या घरात कुणीतरी गर्द (ब्राऊन शुगर, म्हणजे कच्चं हेरॉईन), गोळ्या, दारू यांत अडकलेलं आहे अशा आया, बायका, भाऊ, बहिणी. मी तिथे बहीण म्हणून गेले आणि राहिले. आमच्याकडे येणारे पहिल्या दिवशी घाबरलेले असतात, दुसऱ्या दिवशी चिडलेले आणि तिसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारू लागतात. अलीकडे त्यात नवे प्रश्न आलेत : परदेशात म्हणे ड्रग्ज घेणं गुन्हा राहिलेला नाही, ते बरोबर की चूक? अमेरिकेत इतकी माणसं कशाने मरतात? टीव्हीवर दाखवतात तसंच असतं का? परत परत तीच उत्तरं देण्यापेक्षा ती एकदा लिहून काढावीत म्हणून हे पान. माझ्या दादाबद्दल जिथे लिहिलंय ते त्याला विचारूनच लिहिलंय.

ड्रग्ज घेणं गुन्ह्यातून काढणं म्हणजे ड्रग्ज कायदेशीर करणं का?

नाही. गल्लत इथेच होते, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. कायदेशीर करणं म्हणजे परवाना असलेल्या दुकानातून, कर भरून, उघडपणे विक्री. आपल्याकडे दारूची होते तशी. गुन्ह्यातून काढणं, ज्याला बातम्यांत डिक्रिमिनलायझेशन म्हणतात, त्यात वस्तू बेकायदाच राहते. सापडली तर जप्त होते. विकणारा, साठा करणारा, आणणारा तुरुंगात जातो. फक्त स्वतःपुरतं घेणाऱ्यावर फौजदारी खटला भरला जात नाही, त्याच्या नावावर गुन्ह्याची नोंद चढत नाही. सिग्नल तोडला तर दंड होतो, पण नोकरीच्या फॉर्मवर कुणी तुम्हाला गुन्हेगार लिहीत नाही. साधारण तसंच.

मग पकडलं तर होतं काय?

पोर्तुगालचं उदाहरण घेऊ, कारण या वाटेने सर्वांत विचारपूर्वक गेलेला देश तोच. १ जुलै २००१ पासून तिथे कुठल्याही अमली पदार्थाचा दहा दिवस पुरेल एवढा साठा जवळ असणं हा फौजदारी गुन्हा नाही. हेरॉईनसाठी ही मर्यादा एक ग्रॅम आहे, कोकेनसाठी दोन. पोलीस माल जप्त करतात आणि त्या माणसाला बहात्तर तासांच्या आत एका समितीसमोर जायला सांगतात. समिती तीन जणांची, त्यात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतली माणसं. ती येते आरोग्य खात्याच्या अखत्यारीत. न्यायाधीशाचा झगा नाही, पिंजरा नाही. एक टेबल आणि चार खुर्च्या. तू किती घेतोस, कधीपासून, घरी कोण आहे, झोप लागते का, हे विचारतात. कधीमधी घेणाऱ्याची फाइल बहुतेकदा तिथेच थांबते. अडकलेला असेल तर उपचाराचा रस्ता दाखवतात, जमलं तर त्याच आठवड्यात. दंड किंवा परवाना रोखणं असे अधिकारही समितीला आहेत.

त्या टेबलाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दादा आठवला. १९९८ मध्ये त्याला पकडलं तेव्हा त्याच्या खिशात एक पुडी होती. तू कधीपासून घेतोस हे त्याला कुणीही विचारलं नाही. कुठून आणलीस, एवढंच विचारलं.

पोर्तुगालला हे सुचलं कसं?

गरजेतून. १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही संपली, आफ्रिकेतल्या वसाहतींमधून सैनिक आणि वसाहतवाले परतले, बंद दारं एकदम उघडली. नव्वदच्या दशकात त्या एक कोटीच्या देशात साधारण शंभरातला एक माणूस हेरॉईनमध्ये अडकलेला होता. लिस्बनमधली काझाल व्हेंतोझू ही वस्ती युरोपातला सर्वांत मोठा उघडा ड्रग बाजार म्हणून ओळखली जायची. सुयांमधून एचआयव्ही पसरत होता. झोपडपट्टीतलं, मध्यमवर्गातलं, पैसेवाल्यांचं, कुठलंच घर सुटलं नव्हतं, आणि माझ्या मते कायदा बदलला तो त्यामुळेच. आमदाराचा पुतण्या अडकला की आमदार ऐकू लागतो.

१९९८ मध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात ज्युआंव गुलांव नावाचे डॉक्टर होते. दक्षिणेतल्या आल्गार्व्ह भागात साधी फॅमिली प्रॅक्टिस करणारा हा माणूस पुढे दोन दशकांहून जास्त काळ देशाच्या ड्रग धोरणाचा चेहरा झाला. तेव्हा पंतप्रधान होते आंतोनियो गुटेरेस, जे नंतर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट : कायदा झाला तेव्हा त्यांच्या सरकारात न्यायमंत्री होते आंतोनियो कोश्ता, ज्यांचं वडिलांकडचं घराणं मडगावचं.

तिथे खरंच फरक पडला का?

पडला. टोचून घेणाऱ्यांमध्ये २००१ च्या सुमारास वर्षाला हजारभर नव्या एचआयव्ही रुग्णांची नोंद व्हायची, २०१७ मध्ये ती विसाच्या आसपास आली. तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोक ड्रग्जच्या गुन्ह्यातले होते. ते प्रमाण निम्म्याहून खाली गेलं. अतिसेवनाने होणारे मृत्यू युरोपच्या सरासरीपेक्षा बरेच कमी राहिले. जगभरातून पोरं नशा करायला लिस्बनला लोटतील अशी भीती होती, तसं काही झालं नाही.

पण हे श्रेय नुसत्या कायद्याचं नव्हे. त्याच वर्षांत त्यांनी उपचारकेंद्रं वाढवली, मेथाडोनच्या (हेरॉईनऐवजी देतात त्या बदली औषधाच्या) गाड्या वस्त्यांमध्ये फिरवल्या, स्वच्छ सुया वाटल्या, व्यसनातून बाहेर येणाऱ्याला नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाला सरकारी मदत दिली. २०१२ मध्ये आर्थिक संकटात ही यंत्रणा मोडून विखुरली गेली, पैसा आटला. काही वर्षांनी लिस्बन आणि पोर्तूच्या रस्त्यांवर पुन्हा उघड्यावर टोचणारी माणसं दिसू लागली आणि लोकांची कुरबुर सुरू झाली. कायदा तोच होता. मागची माणसं आणि गाड्या कमी झाल्या होत्या.

अमेरिकेत ऑरेगॉनने हेच केलं आणि तीन वर्षांत गुंडाळलं. मग?

या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑरेगॉन राज्यात ५८ टक्के मतदारांनी कौल दिला, फेब्रुवारी २०२१ पासून थोड्या प्रमाणात ड्रग्ज बाळगणं गुन्हा राहिलं नाही. पकडलं तर शंभर डॉलरची पावती. एका नंबरवर फोन करून आरोग्याची चौकशी करून घेतली तर दंड माफ. फोन कुणी केलेच नाहीत. सुरुवातीच्या सव्वा वर्षात जेमतेम शंभर-सव्वाशे. उपचारासाठी ठेवलेला पैसा संस्थांच्या हातात पडायला दीड वर्षाहून जास्त लागलं. पोर्टलंडच्या फुटपाथवर लोक तंबू ठोकून उघड्यावर फॉइल ओढत होते, आणि नेमकं तेव्हाच फेंटानिल, हेरॉईनहून कितीतरी जोरदार असं रसायन, पश्चिम किनाऱ्यावर पोचलं. मृत्यू वाढले. त्यातले कायद्यामुळे किती आणि फेंटानिलमुळे किती यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. फेंटानिलचा हिशेब वेगळा काढल्यावर कायद्याचा संबंध दिसत नाही असंही काही अभ्यासांत आलं आहे. पण लोकांचा धीर सुटला होता. १ सप्टेंबर २०२४ पासून तिथे ड्रग्ज बाळगणं पुन्हा गुन्हा झालं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानेही २०२३ मध्ये असाच प्रयोग सुरू केला आणि मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागांपुरता मागे घेतला.

माझं मत सांगते. पोर्तुगालने माणसाला पोलीस चौकीकडून वळवून दुसऱ्या दारापाशी नेलं, आणि त्या दारामागे कुणीतरी बसलेलं होतं. ऑरेगॉनने हातात पावती दिली. गर्दमध्ये अडकलेला माणूस कस्टमर केअरला फोन लावत नाही हो. त्याच्यासमोर माणूस लागतो. शिवाय शाळेच्या दारात, बागेत उघड्यावर ओढणं लोक सहन करणार नाहीत, आणि त्यांनी करावं असं मीही म्हणणार नाही.

अमेरिकेतलं ‘ओपिऑइड संकट’ म्हणजे नेमकं काय?

अफूपासून निघणारी किंवा अफूसारखं काम करणारी सगळी औषधं म्हणजे ओपिऑइड. मॉर्फिन, कोडीन, हेरॉईन, ऑक्सिकोडोन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही सगळी एकाच कुटुंबातली. दुखणं थांबवतात, सुख देतात आणि जास्त झाली तर श्वास थांबवतात.

अमेरिकेतल्या संकटाची सुरुवात गल्लीत झाली नाही, दवाखान्यात झाली. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली. ती हळूहळू विरघळते, त्यामुळे सवय लागण्याची शक्यता कमी, असं डॉक्टरांना सांगण्यात आलं. आधारासाठी दाखवलेल्या कागदांत १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं पाच वाक्यांचं एक पत्र होतं. पाच वाक्यांचं! त्यात अभ्यास नव्हता, रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या नोंदींवरचं एक निरीक्षण होतं. कंबरदुखी, दाढ काढणं, गुडघा, सगळ्यासाठी या गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. खाणकामगार, शेतकरी, कॉलेजातले खेळाडू अडकले. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचं न्यायालयात कबूल केलं, कंपनी आणि तिचे अधिकारी यांनी मिळून साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली, आणि धंदा चालू राहिला. २०२० मध्ये पुन्हा गुन्हा कबूल केला.

मग गोळ्यांवर लगाम आला. पण अडकलेल्या माणसाचं शरीर लगाम ओळखत नाही. २०१० नंतर लोक स्वस्त हेरॉईनकडे वळले आणि २०१३ च्या सुमारास त्यात फेंटानिल मिसळू लागलं. हेरॉईनच्या पन्नासपट जोरदार, दोन मिलिग्रॅममध्येही माणूस जाऊ शकतो. २०२२ मध्ये अतिसेवनाने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली, त्यातले तीन चतुर्थांश मृत्यू ओपिऑइडमुळे. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. नॅलोक्झोन हा उतारा नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात आता तिथे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो.

तिकडे मुलं-नातवंडं असलेल्या घरांना एवढंच सांगते : अक्कलदाढ काढल्यावर मिळणाऱ्या गोळ्यांत ओपिऑइड आहे का ते डॉक्टरला विचारा आणि उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, वेगळ्या रूपात. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सव्वादोन कोटींच्या आसपास लोक कुठल्या ना कुठल्या रूपात ओपिऑइड घेतात आणि सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. हेरॉईन घेणाऱ्यांची संख्या अफू घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली, ही नवी गोष्ट.

मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिच्याही आधी अफू होतीच. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला बाळगोळी चाटवून झोपवायच्या, आणि त्या गोळीत अफू असायची. १९२० च्या दशकातल्या कामगारांच्या पाहण्यांत तशी नोंद आहे. त्या आयांना कुणी गुन्हेगार म्हणेल असं मला वाटत नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं होतं?

आता ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्या आणि कोडीनची खोकल्याची औषधं आहेत. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांची परवानगी केंद्राने रद्द केली, कारण मुंबईतल्या एका कंपनीच्या अशा गोळ्या पश्चिम आफ्रिकेतल्या तरुणांना पोखरत असल्याचं उघड झालं होतं. तेव्हा ‘बाहेरून येणारं संकट’ म्हणताना जरा थांबावं. आपणही ते बाहेर पाठवत होतो.

आपला कायदा घेणाऱ्याला काय शिक्षा देतो?

१४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू आहे. नुसतं सेवन हाही त्यात गुन्हा आहे. हेरॉईन, कोकेन, मॉर्फिनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकीच्यांसाठी सहा महिने किंवा दहा हजार किंवा दोन्ही. जवळ किती माल सापडला यावर पुढचं ठरतं. हेरॉईन पाच ग्रॅमहून कमी असेल तर ‘अल्प प्रमाण’, अडीचशे ग्रॅमहून जास्त असेल तर ‘व्यापारी प्रमाण’, आणि तिथे दहा ते वीस वर्षं. गांजाचं अल्प प्रमाण एक किलो आहे.

याच कायद्यात एक दार आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. कलम ६४-अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. कलम ३९ नुसार न्यायालयही शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. वकिलाला पहिल्याच भेटीत हे दोन आकडे सांगा : ६४-अ आणि ३९. आम्हाला १९९८ मध्ये कुणी सांगितले नव्हते.

२०२१ मध्ये केंद्रातल्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाणात, स्वतःपुरतं बाळगणं गुन्ह्यातून काढावं असं सुचवल्याच्या बातम्या आल्या होत्या. सेवन आजही गुन्हाच आहे.

भांग चालते, मग गांजा का नाही?

कायद्याच्या व्याख्येत झाडाचा चीक आणि शेंडे-फुलं येतात, नुसती पानं येत नाहीत. म्हणून भांग सुटली. तिचे नियम राज्य ठरवतं.

‘गर्दुल्ला’ म्हटलं तर काय बिघडतं? शब्दच तर आहे.

या प्रश्नावर मी शांत राहू शकत नाही, आधीच सांगते.

आमच्या घरी आईला एकदा गादीखाली सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सापडला. घडी घातलेला, मधोमध एक तपकिरी, काळपट रेघ. गोगलगाय गेल्यावर भिंतीवर ओघळ राहतो ना, तशी. आईला वाटलं उदबत्तीची राख लागली. तिने तो पुसून, सारखा करून कपाटात ठेवला. त्यावर गर्द तापवून धूर ओढतात आणि पन्नी म्हणतात त्याला, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं.

त्यानंतर पकडल्याची बातमी एका सांजदैनिकात आली. चार ओळी. ‘गर्दुल्ल्यास अटक’, खाली दादाचं पूर्ण नाव, आमच्या चाळीचं नाव. बाबा तेव्हा गणपती मंडळाचे खजिनदार होते. त्या वर्षी त्यांनी वर्गणीची पावतीपुस्तकं एका पिशवीत भरून अध्यक्षांच्या दारात ठेवली आणि बेल न वाजवता परत आले. जामिनावर सुटल्यावर मी दादाला म्हटलं, चल, हॉस्पिटलला जाऊ. तो म्हणाला, “तिथेपण नाव लिहितील.” त्या एका भीतीपायी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत त्याच्याबरोबर ओढणारे दोघं गेले. एक तर आमच्या जिन्याखाली.

शब्दाने काय होतं ते असं. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचशेहून जास्त मानसोपचार क्षेत्रातल्या लोकांना एकाच माणसाची कहाणी दिली होती. अर्ध्यांना ‘गैरवापर करणारा’ असा शब्द, अर्ध्यांना ‘वापराचा आजार असलेला’ असा. पहिला शब्द वाचणारे त्या माणसाला दोषी धरायला आणि शिक्षा सुचवायला जास्त तयार होते. शिकलेल्या, याच कामातल्या माणसांचं हे, तर बाकीच्यांचं काय? २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या लेखनशैलीत माणसाला सरळ ‘अॅडिक्ट’ म्हणू नये अशी सूचना घातली. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये तर कधीपासून ‘रुग्णमित्र’ म्हणतात. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. ती मदत आली गर्दबद्दलचे अनिल अवचटांचे लेख वाचून. म्हणजे लिहिण्याने असंही होऊ शकतं.

पण बातम्यांत दाखवतात ते खोटं तर नसतं ना?

खोटं नसतं. अर्धं असतं. मराठी मथळे आठवून बघा : अमुक पुलाखाली गर्दुल्ल्यांचा सुळसुळाट. सुळसुळाट आपण उंदरांचा म्हणतो, डासांचा म्हणतो. उंदीर म्हटलं की पुढचा विचार औषध फवारण्याचाच येतो.

दुसरी गोष्ट, बातमी माणूस बघून बदलते. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात क्रॅक, म्हणजे कोकेनचा स्वस्त, ओढायचा प्रकार आला तेव्हा टीव्हीवर काळ्या वस्त्या, हातकड्या आणि ‘क्रॅक बेबी’, म्हणजे क्रॅक घेणाऱ्या आयांची मुलं. ती मुलं कायमची बिघडलेली निपजणार असं सांगितलं गेलं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की त्या मुलांच्या वाढीवर गरिबीचाच भार जास्त होता. पण १९८६ चा कायदा तोवर झाला होता : पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच पावडर कोकेन असेल तर पाचशे ग्रॅमला. एकास शंभर. २०१० मध्ये ते एकास अठरावर आणलं. मग गोळ्यांचं संकट गोऱ्या, खेड्यातल्या घरांत शिरलं आणि बातम्यांचा सूर बदलला : शाळेतल्या खेळाडूचा फोटो, रडणारी आई, हा आजार आहे. आजार आहेच तो. आधीही होता.

आपल्याकडे २०२० चे ते महिने आठवा. अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या अटकेआधी आणि नंतर दिवसभर पडद्यावर व्हॉट्सअॅपचे संदेश फिरत होते. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना म्हटलं की ती विक्रेत्यांच्या साखळीचा भाग नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांबद्दल कडक शब्द वापरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रूझवरच्या छाप्यात आर्यन खान जवळपास चार आठवडे कोठडीत होता, आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रच दाखल झालं नाही. मी तेव्हा बऱ्याच चर्चा पाहिल्या. व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनचा नंबर पडद्यावर एकदाही दिसला नाही. आमच्या गटात मात्र त्या काळात दोन आयांनी येणं थांबवलं. कुणी पाहिलं तर, म्हणून.

मग चांगली बातमी कशी असते?

वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्स्टन गॅझेट-मेल नावाचं एक छोटं स्थानिक वर्तमानपत्र आहे. त्यातल्या एरिक आयर या बातमीदाराने गोळ्या कुणी घेतल्या याऐवजी गोळ्या कुणी पाठवल्या याचा हिशेब काढला. सहा वर्षांत त्या गरीब राज्यात ७८ कोटी गोळ्या आल्या होत्या. केर्मिट नावाच्या गावात चारशेच्या आत वस्ती, आणि तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत ९० लाख गोळ्या. त्याला २०१७ चं पुलित्झर, हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक, मिळालं.

बातमीदार हे वाचत असतील तर माझी एवढीच मागणी आहे : चाळीचं नाव छापू नका. आणि खाली एक नंबर द्या.

बदली औषध देणं म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणंच नाही का?

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे बदली औषध रोज ठरावीक मात्रेत, देखरेखीखाली दिलं की टर्की लागत नाही. टर्की म्हणजे माल न मिळाल्यावर होणारे हाल : नाक गळतं, जांभया, अंगावर काटा, जुलाब, हाडं कुणी पिळतंय असं दुखणं. त्या भीतीपोटीच माणूस चोरी करतो, सुई वाटून घेतो. औषधावर असलेला माणूस सकाळी डोस घेऊन कामावर जातो. आपल्याकडे नॅको या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेमार्फत ही केंद्रं चालतात. मधुमेहवाल्याला इन्शुलिनची नशा लागली असं आपण म्हणत नाही. काहींना औषध वर्षानुवर्षं लागतं, लागू दे.

बाबांना कॅन्सर आहे, डॉक्टर मॉर्फिन म्हणतात. द्यावं का?

द्या. हे वाचून मॉर्फिनला घाबरू नका. कडक कायद्यामुळे आपल्याकडे रुग्णालयांनीच मॉर्फिन ठेवणं सोडलं होतं. अफू कायदेशीरपणे पिकवणारा हा देश, आणि इथले कॅन्सरचे रुग्ण कळवळून मरायचे. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी केली. दुखण्यासाठी, डॉक्टरच्या देखरेखीत घेतलेलं मॉर्फिन ही वेगळी गोष्ट आहे.

तुरुंगात किंवा केंद्रात कोंडून ठेवलं तर सुटेल ना?

शरीरातून माल निघेल. पण लक्षात ठेवा, सर्वांत धोक्याचे दिवस बाहेर आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो. आमच्या जिन्याखाली गेला तो सुटून चार दिवस झाले होते. आणि मारहाण करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या केंद्रात पाठवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली व्यसनाचा आजारही येतो, रुग्णाला हक्क आहेत. केंद्राची नोंदणी बघा, आत भेटू देतात का विचारा. भेटू देत नसतील तर तिथून निघा.

मुलाच्या दप्तरात पन्नी सापडली. आज रात्री काय करू?

आज रात्री ओरडू नका. तो नशेत असेल तर बोलून काही उपयोग नाही, उद्या सकाळी चहा देताना बोला. “हे मला सापडलं, मी घाबरलेय” एवढंच म्हणा आणि तो काय म्हणतो ते ऐका. शेजारी, मामा, आत्या यांना आत्ताच सांगत सुटू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय नंबर आहे, फुकट आहे. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात ओपीडीत जा. तिथे पोलिसांना बोलवत नाहीत.

तो उठत नसेल, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर असतील, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर १०८ लावा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नको. डॉक्टरला खरं सांगा, त्याने काय घेतलंय ते. नॅलोक्झोनचं इंजेक्शन मोठ्या रुग्णालयांत असतं, पण काय घेतलंय हे त्यांना कळायला हवं.

दादाने आजवर दोनदा घसरून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा गेला तेव्हा केंद्राच्या दारातल्या माणसाने त्याला विचारलं होतं, “जेवलास का?” अजूनही तो तेच सांगतो.